मदत हवी आहे: एनबीएच्या खेळाडूंना ५१ टक्के, पण नक्की कशाचे?

रोकडपाल

नमस्कार मंडळी,

मी बँकेत होतो आणि युनियनचं काम बरंच केलं. त्यामुळे करार, वाटाघाटी, टाळेबंदी हे काही मला नवं नाही. निवृत्तीनंतर नातवाच्या नादाने एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बघायला लागलो आणि खेळापेक्षा त्यांच्या पगाराच्या करारातच जास्त गुंतलो. आमच्या द्विपक्षीय करारात पगारवाढ ठरते, १२ व्या करारात १७ टक्के मिळाली. पण बँकेच्या उत्पन्नात अमुक टक्के वाटा कर्मचाऱ्यांचा, असं टेबलावर म्हणायची आमची कधी छाती झाली नाही. तिकडे ते चक्क लिहून दिलेलं आहे!

मला समजलं ते असं. तिकिटं, टीव्हीचे हक्क, जाहिराती, स्टेडियममधलं खाणंपिणं हे सगळं मिळून 'बास्केटबॉलशी निगडित उत्पन्न', म्हणजे बीआरआय. त्यातले ४९ ते ५१ टक्के खेळाडूंचे, उरलेले संघमालकांचे. २००५ च्या करारात खेळाडूंचा वाटा ५७ टक्के होता, २०११ मध्ये तो खाली आला.

आता अडलंय ते. पगार करारात ठरलेला असताना प्रत्येक चेकमधून १० टक्के कापून एस्क्रो खात्यात (हिशेब पुरा होईपर्यंत पैसे राखून ठेवायचं खातं) का ठेवतात? ५७ वरून थेट पन्नाशीला यायला युनियन तयार तरी कशी झाली? आणि संघ विकला तर त्या पैशात खेळाडूंना काही मिळतं का? जाणकारांनी सोप्या भाषेत सांगावं. इंग्रजी लेख वाचलेत, त्यात आकडे फार आणि उलगडा कमी.

सहावा गडी

काका, एस्क्रोपासून सुरू करतो, कारण सगळी मेख तिथेच आहे.

हंगामाआधी लीग बीआरआयचा अंदाज बांधते. त्याचे ४४.७४ टक्के घ्यायचे, खेळाडूंच्या विमा-पेन्शनसारख्या लाभांचा खर्च वजा करायचा, ३० संघांनी भागायचं, की सॅलरी कॅप, म्हणजे एका संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, निघते. २०२५-२६ साठी ती सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर आहे. पण ही कॅप पक्की भिंत नव्हे. आपलाच जुना खेळाडू राखायला संघ ती ओलांडू शकतो (लॅरी बर्डच्या नावाने ओळखली जाते ती सवलत). म्हणजे वर्षाअखेर एकूण पगार ठरलेल्या वाट्याच्या वर जाऊ शकतात. गेले, तर जास्तीचे पैसे एस्क्रोतून मालकांना परत. कमी पडले, तर एस्क्रो खेळाडूंना मिळतोच, वर मालक फरक भरून देतात.

म्हणून कागदावर १ कोटी डॉलर लिहिले, तरी त्यातले १० लाख हिशेब होईपर्यंत अधांतरी असतात. आणि लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे एखाद्या स्टारला अवाढव्य करार मिळाला की तो पैसा सगळ्या मालकांचा मिळून जास्त जात नाही. खेळाडूंचं ताट तेवढंच असतं, वाढप बदलते.

पिक अँड रोल

२०११ बद्दल मी लिहितो. मालकांचं म्हणणं, ३० पैकी २२ संघ तोट्यात आहेत आणि लीगचा वर्षाचा तोटा ३० कोटी डॉलर. युनियनने ते आकडे कधीच मान्य केले नाहीत. आता गंमत बघा. तेव्हा बीआरआय सुमारे ३८० कोटी डॉलर होता. त्याचे ७ टक्के काढा, साडेसव्वीस कोटींच्या आसपास येतात. मालक जेवढा तोटा सांगत होते, जवळजवळ तेवढीच रक्कम दरवर्षी खेळाडूंच्या वाट्यातून वळती झाली.

१ जुलैला टाळेबंदी लागली. नोव्हेंबरात पहिले पगाराचे चेक बुडाले. युनियनने मालकांचा प्रस्ताव फेटाळला, स्वतःला बरखास्त करून मालकांविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली कोर्टात जायची वाट मोकळी केली, तेव्हा कुठे तडजोड झाली. ८२ ऐवजी ६६ सामन्यांचा हंगाम नाताळच्या दिवशी सुरू झाला. तुम्ही टाळेबंदी पाहिली असेल तर हिशेब तुम्हालाच जास्त कळेल: खेळाडूची कारकीर्द मोजक्या वर्षांची, मालकाला घाई कसली?

रोकडपाल

@पिक अँड रोल, कळलं. पगार बंद झाला की ठरावाची भाषा कशी मऊ होते, ते जवळून पाहिलंय. पण संघाच्या विक्रीचं राहिलं.

सहावा गडी

विक्रीतून खेळाडूंना शून्य. बोस्टन सेल्टिक्स २००२ मध्ये ३६ कोटी डॉलरला घेतला गेला. २०२५ मध्ये त्याचा सौदा ६१० कोटी डॉलर मूल्याने झाला. यातला एक पैसाही बीआरआयमध्ये नाही. नवा संघ लीगमध्ये येताना जे प्रवेशशुल्क भरतो, तेही नाही. अर्धेलीच्या शेतासारखं आहे हे. धान्य निम्मं-निम्मं, पण जमिनीचा भाव वाढला तर तो मालकाचाच.

त्यामुळे ५१ की ५० यावर रान उठतं, पण मला विचाराल तर खरी मारामारी कशाचे टक्के यावर असायला हवी. २०२३ च्या करारात परवान्यांचं (लीगचं नाव-चिन्ह मालावर वापरू देण्याचं) उत्पन्न बीआरआयमध्ये आलं, आणि युनियनने निवडलेल्या फंडामार्फत खेळाडूंना संघांत पैसे गुंतवायची मुभा मिळाली. म्हणजे जमिनीतला एखादा वाफा विकत घेता येईल, तोही स्वतःच्या पैशाने.

गल्ली क्रिकेटर

थोडं विषयांतर. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे माध्यमहक्क ४८,३९० कोटींना गेले, वर्षाला साधारण ९,६७८ कोटी. २०२५ च्या लिलावासाठी संघाला खेळाडूंवरच्या खर्चाची मर्यादा १२० कोटी, दहा संघांची १,२०० कोटी. म्हणजे नुसत्या हक्कांच्या १२ टक्क्यांच्या आसपास. मॅच फी वेगळी, पण तिकिटं आणि प्रायोजक मी धरलेच नाहीत. आणि सध्या खेळणाऱ्या भारतीय खेळाडूंची युनियन नाही, बीसीसीआयमान्य संघटना आहे ती निवृत्तांची. मागणार कोण?

पिक अँड रोल

@गल्ली क्रिकेटर, यावर वेगळा धागा काढा, इथे काकांचा प्रश्न बाजूला पडेल. काका, पूर्ण करार नेटवर उपलब्ध आहे. कलम ७ वाचा, बीआरआयची व्याख्या तिथेच आहे.

रोकडपाल

सगळ्यांचे आभार. कलम ७ उघडलं. नुसत्या व्याख्येलाच पानंच्या पानं! पार्किंगच्या पैशाचा उल्लेख सापडला, खर्च वजा जाता तो धरतात. म्हणजे मसुदा करायला कुणीतरी आमच्यासारखा खडूस बसला होता. आता लक्झरी बॉक्सच्या (स्टेडियममधल्या महागड्या खासगी कक्षांच्या) पोटकलमाशी अडलोय. तिथे पूर्ण रक्कम न धरता काही भागच का धरलाय, हे कुणी सांगेल का?