सायीचं तूप: लोणी गोळा होत नाही आणि कढवल्यावर वास येतो, मदत करा

कन्नमवारनगरवाली

नमस्कार मंडळी, गणपती तोंडावर आलेत आणि यंदा मोदकांवर सोडायला मला घरचंच तूप हवंय, विकतचं नको. आमच्याकडे रोज दीड लिटर दूध येतं, फुल क्रीमची पिशवी. त्याची साय मी रोज काढून फ्रीजमध्ये स्टीलच्या डब्यात साठवते, डबा भरत आला की बाहेर काढते, चमचाभर दही घालून रात्रभर ओट्यावर ठेवते आणि सकाळी तशीच मिक्सरला लावते. पण लोणी गोळाच होत नाही हो, नुसता पांढरा चिकट फेस होतो, मिक्सर तापतो, शेवटी ते सगळं तसंच कढईत ओतून कढवते. मग घरभर उग्र वास सुटतो, जुन्या चीजला येतो ना तसा काहीसा, आणि तो तुपातही राहतो. मुलगा वरणभातावर ते तूप घालूच देत नाही. बेरी मात्र ढीगभर निघते आणि तूप वाटीभर.

सासूबाई सिंधुदुर्गात असतात, त्यांच्या हातचं तूप म्हणजे पांढरंशुभ्र, रवाळ, नुसत्या वासाने भूक लागेल असं. फोनवर विचारलं तर म्हणतात अगं हाताला कळतं. आता हाताला काय कळायला हवं तेच मला नीट समजून घ्यायचंय. वन रूम किचन आहे, मोठी रवी आणि डेरा ठेवायला जागा नाही त्यामुळे मिक्सरवरचंच सांगा. आणि साय जाड यायला काय करता तेही सांगा, माझी फार पातळ येते.

ठाकुरद्वारची_काकू

अगं ते दही तू शेवटी घालतेस ना, ते पहिल्याच दिवशी घालायचं. डब्यात पहिली साय पडली की तिच्यातच चमचाभर ताजं गोड दही कालवायचं, मग रोजची साय त्यावर टाकायची आणि दर वेळी चमच्याने तळापर्यंत खालीवर करायची म्हणजे नव्या सायीलाही विरजण लागतं. नुसती साय आठ-दहा दिवस फ्रीजमध्ये राहिली की कडवट होते, आपल्याला वाटतं फ्रीजमध्ये आहे म्हणजे चांगली आहे. विरजलेल्या सायीचा वास आंबूस असतो, दह्यासारखा, तो लोणी धुतल्यावर आणि कढवल्यावर निघून जातो. कडू झालेल्या सायीचा वास जात नाही, मग विड्याचं पान घाला नाहीतर लवंग घाला. डब्यावर कधी हिरवा, काळा किंवा गुलाबी ठिपका दिसला तर हळहळायचं नाही, अख्खा डबा टाकायचा.

आता लोण्याचं. आदल्या रात्री डबा बाहेर काढतेस ते बरोबर आहे, पण सकाळी लगेच मिक्सरला लावू नकोस, पुन्हा तासभर फ्रीजमध्ये ठेव. आपल्या मुंबईच्या हवेत ओट्यावरची साय इतकी मऊ असते की लोणी धरतच नाही, त्यात मिक्सरचं पातं अजून ऊब देतं. जार अर्ध्याच्या वर भरायचा नाही. साय घालायची, तेवढंच बर्फाचं पाणी आणि दोन-तीन बर्फाचे खडे, आणि सलग फिरवायचं नाही, थांबत थांबत, पल्स वर. आधी ते दाट होतं आणि फुगतं, तुझा तो फेस म्हणतेस तो हाच, बहुतेकजणी इथेच कंटाळतात. अजून थोडं फिरवलं की आवाज बदलतो बघ, घरघर जड असते ती एकदम सैल होते, पाणी खळखळल्यासारखं ऐकू येतं, जारच्या भिंती स्वच्छ दिसायला लागतात आणि झाकणातून पाहिलंस तर रव्याएवढे कण पातळ ताकात तरंगताना दिसतात. तिथे थांबायचं. अजून थोडं गार पाणी घालून जार हातानेच हलवला की कण एकमेकांना चिकटून गोळा वर येतो. सासूबाई हाताला कळतं म्हणतात ते ह्या टप्प्याचं, गोळा हातात घेतला की बोटांना चिकटायला नको, सुटून यायला हवा. चिकटत असेल तर अजून गार पाणी हवंय.

मग लोणी परातीत घेऊन गार पाण्याने धुवायचं, हाताने दाबून दाबून, पाणी पांढरं यायचं थांबेपर्यंत. हे टाळायचं नाही. तुझी बेरी ढीगभर निघते कारण सगळं ताक लोण्याबरोबरच कढईत जातंय.

आरेचा_पदविकाधारक

काकूंनी सांगितलंय ते शंभर टक्के बरोबर आहे, मी फक्त कारणं जोडतो कारण डेअरीचंच शिकलोय आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

वासाचं कारण असं की फ्रीजच्या ४-५ अंशांतही वाढणारे काही जिवाणू असतात, ते लायपेज नावाचं एन्झाइम सोडतात आणि ते एन्झाइम दुधातल्या फॅटचे तुकडे करतं, त्यातून ब्युटिरिक आम्ल मोकळं होतं. ताईंना जुन्या चीजसारखा जो वास येतोय तो बहुतेक त्याचाच. पहिल्या दिवसापासून दही असलं की लॅक्टिक आम्लामुळे ह्या मंडळींची वाढ रोखली जाते. रोखली जाते म्हणजे कायमची बंद होते असं नाही, म्हणून विरजलेली साय सुद्धा महिनाभर साठवू नका. घरी दूध कमी येत असेल आणि डबा भरायला वेळ लागत असेल तर साय सरळ फ्रीजरमध्ये टाका, तिथे जिवाणूंचं फारसं काही चालत नाही.

लोणी धरायला साय साधारण १० ते १५ अंशांवर असावी लागते. दुधातलं फॅट म्हणजे बारीक बारीक थेंब असतात, प्रत्येकावर एक पातळ आवरण असतं, घुसळल्याने ते आवरण फुटतं आणि थेंब एकमेकांना चिकटतात. पण चिकटून दाणा व्हायला फॅट अर्धवट घट्ट हवं. ३० अंशांवर ते फार मऊ असतं, मग दाणा न होता ताकातच मिसळून जातं. उलट अगदी फ्रीजमधून काढल्या काढल्या साय फार गार असेल तरी फेसच होत राहतो आणि खूप वेळ लागतो. जानेवारीत मुंबईत जरा थंडी असते तेव्हा बर्फ नको, साधं माठातलं पाणी पुरतं.

अजून एक, अपेक्षा किती ठेवायची ते. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के फॅट असतं, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये दीड. म्हणजे एक लिटर फुल क्रीम दुधात सगळं मिळून ६० ग्रॅमच्या आसपास फॅट, आणि ते सगळं काही सायीत येत नाही, बरंचसं दुधातच राहतं आणि राहायलाच हवं, मुलं ते दूध पितात. त्यामुळे लिटरमागे २५-३० ग्रॅम तूप सुटलं तरी उत्तम समजा. टोन्ड दुधाची साय साठवून वाटीभर तुपाची वाट बघण्यात अर्थ नाही. आणि पिशवीवर किंवा खोक्यावर होमोजिनाइज्ड लिहिलंय का ते बघा, त्या दुधात फॅटचे थेंब मुद्दाम इतके बारीक केलेले असतात की ते वर तरंगून येत नाहीत, कितीही तापवा जाड साय धरणार नाही. ताईंची साय पातळ येते त्याचं हेही कारण असू शकतं.

दहिसर_पूर्व

मी विरजत बिरजत नाही. साय फ्रीजरमध्ये साठवते, आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उतरवते, सकाळी बर्फाच्या पाण्यात फिरवते, लोणी मस्त निघतं आणि उरलेलं पाणी गोड असतं, त्यात कणिक भिजवते. तुपाला अजिबात वास नाही. ज्यांना आंबट वास सहनच होत नाही त्यांनी असं करून बघा, वेळ पण वाचतो.

ठाकुरद्वारची_काकू

लोणी निघतं गं, नाही म्हणत नाही. पण विरजलेल्या लोण्याच्या तुपाला जो खमंगपणा येतो तो गोड सायीच्या तुपाला येत नाही, दोन्ही शेजारी ठेवून गरम भातावर घालून बघ. आणि ताक मिळत नाही हे मोठंच नुकसान. ह्या ताकाची कढी, आलं-मिरची-कढीपत्ता आणि थोडं बेसन लावून, मला विकतच्या दह्याच्या कढीपेक्षा कैक पटीने आवडते.

कन्नमवारनगरवाली

काकू, दादा, खूप खूप आभार. पिशवी बघितली, होमोजिनाइज्डच लिहिलंय! कधी वाचलंच नव्हतं. आमच्या इथे तबेल्याचं म्हशीचं दूध घरपोच देणारे भय्या येतात, उद्यापासून एक लिटर त्यांच्याकडून सुरू करते. ते तापवायचं कसं तेवढं सांगा म्हणजे साय जाड येईल. आणि रवाळ कसं होतं? माझं तूप कायम तेलासारखं पातळ असतं. लोणी निघालं की कढवताना काय बघायचं?

परळचा_बल्लव

साय आधी सांगतो. सुटं दूध आहे तर उकळी नीट येऊ द्या, मग गॅस एकदम मंद करून पाच-सात मिनिटं तसंच ठेवा, मधे ढवळू नका. पातेलं उंच नको, पसरट घ्या. उतरवलं की गच्च झाकण ठेवायचं नाही, वाफेचं पाणी पुन्हा सायीवर पडतं आणि साय विरते, जाळी किंवा चाळण उपडी घाला. पूर्ण निवलं की न हलवता फ्रीजमध्ये चार-पाच तास, आणि मग कडेने सुरी फिरवून साय उचला, पोळीसारखी येते. भय्याचं दूध पाणी घातलेलं आहे का ते सायीवरूनच कळेल तुम्हाला.

कढवणं हे मला सगळ्यात आवडणारं काम आहे. जाड बुडाचं भांडं, लोणी त्याच्या निम्म्यापर्यंतच, आणि हातात मोबाईल नको. लोणी वितळलं की आधी पांढरा दाट फेस येतो, तो उतू जाऊ शकतो, तिथे उभं राहायचं. मग पाणी उडायला लागतं, मोठे मोठे बुडबुडे, तडतड आवाज. हा भाग लांबतो कारण लोण्यात पाणी भरपूर असतं, आणि पाणी आहे तोपर्यंत तापमान शंभरच्या आसपासच अडकून राहतं त्यामुळे बेरी जळत नाही. खरी गंमत पुढे आहे. तडतड कमी होत होत जवळजवळ थांबते, बुडबुडे बारीक होतात, फेस बाजूला सारला तर तूप तळापर्यंत आरपार दिसतं, आणि बेरी खाली बसून पांढऱ्याची बदामी व्हायला लागते. आता पाणी संपलंय त्यामुळे तापमान भराभर चढतं, दोन मिनिटांत बदामीचं तपकिरी आणि तपकिरीचं काळं होतं. बेरी फिकट बदामी असतानाच गॅस बंद करा, भांड्याच्या उष्णतेवर ती पुढे आपोआप खमंग होते. विड्याचं पान टाकायचं असेल तर ह्याच वेळी टाका, वासासाठी आहेच पण पान कुरकुरीत झालं म्हणजे तुपात पाणी उरलं नाही हे पण कळतं. पाणी उरलं तर पावसाळ्यात तूप लवकर खवट होतं, बुरशी पण धरते.

रवाळ व्हायला काही घालावं लागत नाही, हळूहळू थंड होऊ द्यावं लागतं. पाच-दहा मिनिटं निवू द्या, स्टीलच्या गाळणीने कोरड्या बरणीत गाळा आणि ओट्याच्या कोपऱ्यात रात्रभर सोडून द्या, हलवू नका, फ्रीजमध्ये तर अजिबात ठेवू नका. तुपातला जो भाग जास्त तापमानाला वितळतो तो आधी गोठतो, निवांत वेळ मिळाला की त्याचे टपोरे दाणे होतात, फ्रीजमध्ये घाईने गोठवलं की सगळं एकजीव मेणासारखं होतं. म्हशीच्या तुपात दाणा छान पडतो आणि रंग पांढरा असतो, गाईचं पिवळं असतं कारण त्यात कॅरोटीन असतं. मात्र मे महिन्यात आपल्याकडे तूप पातळच राहणार, ते बिघडलेलं नसतं, वरती तेलासारखा थर आणि खाली दाणे, चमच्याने ढवळून वापरायचं.

हरतालिकेच्या दोन-तीन दिवस आधी कढवून ठेवा म्हणजे मोदकांच्या गडबडीत ओटा अडायला नको. बरणीत ओला चमचा जाऊ द्यायचा नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, मुलाला पण.

दहिसर_पूर्व

काकू, तुम्ही म्हणताय तर ह्या वेळी निम्मी साय विरजून करते.

एक राहिलं, बेरी टाकू नका कोणी. गरम असतानाच त्यात साखर किंवा किसलेला गूळ आणि चिमूटभर वेलची घालून पोळीत गुंडाळून द्या, पोरं मागून मागून खातात. बेरी थोडी जास्त लाल झाली असेल तर थालीपिठाच्या पिठात मोडून घाला, वेगळं मोहन लागत नाही. आणि कढईला जे तूप चिकटलेलं असतं ते साबणाने धुवून घालवायचं नाही, त्यातच पोळ्यांची कणिक टाकून कडेने फिरवून मळायची, कढई पुसल्यासारखी स्वच्छ होते आणि पोळ्या दुसऱ्या दिवशीच्या डब्यात पण मऊ राहतात.