मदत हवी आहे: सहा वर्षांच्या भाचीच्या टाचेची फ्लॅप सर्जरी, अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा

माझी सहा वर्षांची भाची धायरीहून घरी येताना बाइकवर मागे बसली होती. तिची टाच मागच्या चाकाच्या स्पोकमध्ये गेली. हाड वाचलं, पण टाचेमागची कातडी गेली आणि टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) उघडा पडला आहे. जखम साफ करून सध्या व्हॅक ड्रेसिंग (मशीनने जखमेतला स्राव ओढून घेणारी पट्टी) लावलंय.

प्लास्टिक सर्जन म्हणतात, नुसता स्किन ग्राफ्ट (दुसरीकडून काढून लावलेला कातडीचा पातळ थर) इथे धरणार नाही. टेंडनवरचं पातळ आवरणही निघून गेलंय, त्यामुळे ग्राफ्टला खालून रक्तच मिळणार नाही. त्यांनी रिव्हर्स सुरल फ्लॅप सुचवलाय. म्हणजे त्याच पायाच्या पोटरीची कातडी चरबी आणि रक्तवाहिन्यांसकट उचलायची, घोट्याच्या बाजूने जोडलेलीच ठेवायची आणि खाली फिरवून टाचेवर बसवायची. पोटरीवर मांडीचा ग्राफ्ट. दुसऱ्या सर्जननी फ्री फ्लॅप सांगितला: मांडीचा भाग पूर्ण सुटा करायचा आणि मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिन्या पायाच्या रक्तवाहिन्यांना जोडायच्या. ऑपरेशन लांबलचक, पण पोटरीला हात लागत नाही.

ताई-दाजी पार गोंधळून गेलेत. दाजींना तर घास गिळत नाहीये. फॉर्मवर सही करण्याआधी ज्यांच्या मुलांचं असं ऑपरेशन झालंय त्यांच्याकडून ऐकायचंय. पाय वाढेल तशी ती कातडी वाढते का? बूट घालता येतात का? आणि एवढ्या लहान मुलीला पाय न हलवता झोपवायचं तरी कसं?

प्रतिसाद

ताई, माझ्या मुलाचा सुरल फ्लॅप झालाय, कारणही हेच. आता तो पळतो, सायकल चालवतो.

फ्लॅप मुलाबरोबर वाढतो, असं आम्हाला सांगितलं होतं आणि तसंच झालं. कडेचे व्रण मात्र आखडू शकतात, म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत तपासणी चुकवू नका. पहिले काही दिवस सगळ्यात नाजूक. टाचेवर आणि जिथून फ्लॅप वळवलाय तिथे कणभरही दाब नको, पाय उंच हवा. फ्लॅप निळा-जांभळा दिसू लागला तर रक्त परत जायला अडचण होतेय. रात्रीचे दोन वाजले असले तरी लगेच नर्सला उठवा. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. प्लास्टर स्लॅब असतो, त्यामुळे पाय फारसा हलत नाही. आमच्याकडे आजीच्या गोष्टींनी बाकीचं निभावलं.

नंतरचं कुणी आधी सांगत नाही. नवी कातडी टाचेच्या मूळ गादीसारखी जाड नसते आणि तिथे स्पर्श कमी कळतो. पावलाची बाहेरची कडही बधिर राहते, कारण तिथली नस फ्लॅपबरोबर जाते. बूट चावला तरी मुलाला समजत नाही, म्हणून रोज रात्री टाच बघायची. सुरुवातीला फ्लॅप फुगीर दिसतो, काही महिन्यांनी गरज पडली तर पातळ करतात.

फ्री फ्लॅपला लहान वय ही अडचण नसते, पण रोज मायक्रोसर्जरी करणारी टीम हवी. दुसऱ्या डॉक्टरांना थेट विचारा: मुलांमध्ये किती केलेत, आणि रात्री फ्लॅप बिघडला तर कोण येणार?

खर्चासाठी महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला आजच भेटा. रुग्णालय धर्मादाय असेल तर तिथल्या समाजसेवा विभागालाही.

धागाकर्ती

मनापासून आभार. हे दोन्ही प्रश्न उद्या राउंडला विचारते. पोटरीवरच्या ग्राफ्टमुळे मोठेपणी खेळायला अडचण आली का, हे कुणाला माहीत असेल तर अजून लिहा.