मानेला ट्रॅक्शनच्या ६ सिटिंग झाल्या, पुढे चालू ठेवू का? (आईच्या कमरेचंही विचारायचंय)

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

वय ४४, दिवसभर लॅपटॉपसमोर. तीन महिन्यांपूर्वी उजव्या खांद्यामागे ठणका सुरू झाला, म्हटलं उशीमुळे असेल, मग तो दंडातून खाली उतरला आणि मधल्या बोटाला मुंग्या यायला लागल्या. हात डोक्यावर ठेवला की बरं वाटायचं, हा शोध माझा मीच लावला, मीटिंगमध्ये सगळे विचारायचे एवढं कसलं टेन्शन घेतलंयस म्हणून. एमआरआयमध्ये सी ६-सी ७ (मानेचा सहावा आणि सातवा मणका) यांमधली गादी सरकून नस दाबतेय असं आलं. ऑर्थोंनी गोळ्या आणि फिजिओ सांगितली, आणि फिजिओवाल्यांनी ट्रॅक्शनच्या १० सिटिंग.

उताणं झोपवतात, हनुवटीखालून आणि डोक्यामागून पट्टा, मशीन थोडा वेळ ओढतं, सैल सोडतं, परत ओढतं, असं १५ मिनिटं. हातात एक बटण देतात, काही त्रास झाला तर दाबा म्हणून. ५ किलोवर सुरुवात केली, आता ८ (माझं वजन ७६). ओढ लागली की हाताचा ठणका असा काही जातो की मला तिथंच डुलकी लागते. पण उठून शर्टाची बटणं लावून घरी येईपर्यंतच काय ते सुख, तासा-दीड तासात मुंग्या परत हजर. वर कानापुढे जबडा दुखायला लागलाय, घास चावताना कळ येते.

तर प्रश्न असा की मशीनवर असताना दुखणं जातं ते बरं होण्यातलं आहे का नुसता तेवढ्यापुरता आराम? वाचायला गेलो तर डोकं अजूनच फिरलं. कंबरदुखीच्या ट्रॅक्शनवर कॉक्रेन (उपचारांच्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) च्या २०१३ च्या आढाव्यात ३२ चाचण्या तपासून फारसा फायदा दिसत नाही असं म्हटलंय, आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीला ट्रॅक्शन देऊच नका म्हणून सांगितलं. मानेचं एवढं स्पष्ट नाही, काही चाचण्यांत व्यायामाच्या जोडीने दिलं तर फरक पडलेला दिसतो, काहींत नाही.

दुसरं आईचं. वय ७१, कंबर धरते, हाडं ठिसूळ झालीयेत म्हणून गोळ्या चालू आहेत. माझं बघून तिनेही धोशा लावलाय, मलापण ते ओढायचं मशीन लावा. तिथल्या मदतनीसाला विचारलं तर रिपोर्टबिपोर्ट काही न बघता "घेऊन या, लावून टाकू". ते "लावून टाकू" काही मला पटलं नाही.

आणि ऑफिसातला एकजण दाराला अडकवायचं ट्रॅक्शन किट देतो म्हणतोय, पाण्याची पिशवी लटकवायची असते त्यात. वापरू का?

तेल आणि काढे सुचवू नका प्लीज, ते नातेवाईकांनी सुचवून झालंय.

प्रतिसाद १

मी फिजिओथेरपिस्ट आहे. जबडा दुखतोय म्हणजे ओढ हनुवटीवर येतेय, ती मागून कवटीच्या बुडाशी यायला हवी. पट्टा नीट बसवून घ्या, नाहीतर फक्त मागून धरणारा हार्नेस मागा, त्यात हनुवटीला काही लागतच नाही. ८ किलो तुमच्या वजनाला अगदी अचाट नाही, पण त्रास होत असताना वाढवत नेण्यात अर्थ नाही.

मला वेगळंच खटकलं. एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये व्यायामाचा एक शब्द नाही. नुसतं मशीन लावून घरी पाठवतायत का? ओढीने नसेला तेवढ्यापुरती मोकळी जागा मिळते, त्या वेळात मानेचे आणि खांद्यामागचे स्नायू कामाला लावायचे असतात. मुंग्या बोटांकडून वर खांद्याकडे आखडत आल्या तर चांगलं, खाली पसरत असतील तर थांबा. सी ७ ची नस कोपर सरळ करणाऱ्या स्नायूला जाते, दोन्ही हातांनी भिंत ढकलून बघा. बटणं लावताना बोटं अडखळतात का, चालताना तोल जातो का, लघवीवरचा ताबा कमी झालाय का? यातलं एक जरी असेल तरी ट्रॅक्शन बंद आणि ताबडतोब डॉक्टर.

आईंना अजिबात नको. कमरेला शरीराच्या वजनाच्या पाव ते निम्मी ओढ देतात आणि वरचा पट्टा बरगड्यांवर आवळतात, ठिसूळ हाडांना हे झेपत नाही. आधी मणका कुठे दबलाय का ते एक्स-रेत बघून घ्या.

दाराचं किट घेऊच नका.

प्रतिसाद २

माझं सेम सी ६-सी ७ होतं. १२ सिटिंग घेतल्या, मग कंटाळून सोडल्या, चार महिन्यांत आपोआप कमी झालं, आता श्रेय कोणाला द्यायचं ते ठरवता येत नाही. सरकलेली गादी बऱ्याचदा आपसूक आक्रसते असं आमचे डॉक्टर म्हणाले होते.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. व्यायाम खरंच कोणी दिले नाहीत, मीही विचारले नाहीत. बटणं नीट लागतात, तोल ठीक आहे. पण भिंत ढकलून बघितली, उजवा कोपर डाव्याच्या आधी वाकतोय. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. उद्याचं ट्रॅक्शन रद्द केलं, ऑर्थोंची वेळ घेतलीये.

आईला अजून सांगितलेलं नाही. तिने मशीनवर झोपायला म्हणून सैलसा गाऊन काढून ठेवलाय.