‘ईटिंग आयर्न्स’ला मराठीत काय म्हणावं?

एका ब्रिटिश सैनिकाच्या आठवणींचं भाषांतर करताना ‘ईटिंग आयर्न्स’पाशी दोन दिवस अडून बसले होते. अर्थ सोपा आहे. फौजेकडून मिळणारे सुरी, काटा आणि चमचा. पण ‘काटे-चमचे’ लिहिलं की समोर लग्नातला बुफे उभा राहतो, बराक दिसत नाही.

इथे ‘आयर्न’चा अर्थ नुसतं लोखंड असा धरला तर गाडी चुकते. इंग्रजीत लोखंडाच्या अवजारालाच आयर्न म्हणायची जुनी रीत आहे. कपड्यांची इस्त्री आयर्न, जनावराला डाग द्यायची सळईही आयर्न. म्हणजे ‘ईटिंग आयर्न्स’ ही झाली जेवायची अवजारं. मला ‘जेवणाची हत्यारं’ हा शब्द सगळ्यात जवळचा वाटतो. आपला सुतार किंवा गवंडी स्वतःच्या अवजारांना ‘माझी हत्यारं’ म्हणतो, आणि शिपायाच्या हातात तर हत्यार असतंच. दोन्ही अर्थ एकाच शब्दात येतात. हे इंग्रजीतसुद्धा इतकं नेमकं साधत नाही.

याच वस्तूंना ब्रिटिश बराकीत ‘डिगर्स’ही म्हणतात, म्हणजे खणायची अवजारं. इथे भाषांतरकाराने जपून राहावं. एकवचनी ‘डिगर’ आला तर तो बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियन सैनिक असतो, चमचा नव्हे! ‘गॉब्लिंग रॉड्स’ हा आणखी एक प्रकार. याला मी बेधडक ‘हादडायच्या सळया’ करीन. हादडणे, हाणणे, चापणे, ओरपणे अशी क्रियापदं मराठीत पोत्याने पडली आहेत, ती अशा वेळी वापरायची नाहीत तर कधी? ‘केएफएस’ मात्र नाईफ, फोर्क, स्पून यांची नुसती आद्याक्षरं आहेत. तो कोठीच्या यादीतला शब्द, तसाच ठेवावा.

पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश शिपाई चमचा कुठे ठेवायचे? पायाच्या ‘पटी’त. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलेल्या कापडी पट्टीत तो खोचलेला असायचा, म्हणजे जेवण आलं की हात खाली घातला आणि चमचा बाहेर. चमच्याच्या दांड्यावर बहुधा शिपायाचा नंबर ठोकलेला असे, कारण चमचा हरवला तर बोटांनी खायची पाळी. इंग्रजीतला हा ‘पटी’ म्हणजे हिंदी-मराठीतली पट्टीच. चमचा त्यांचा, खोचायची जागा आपल्या शब्दाची.

मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो ‘डिक्सी’ने. खंदकात रस्सा आणि चहा ज्या मोठ्या लोखंडी भांड्यातून जायचा ती डिक्सी. दोन्हीला बरेचदा तेच भांडं असल्यामुळे चहाला मटणाच्या रश्श्याची चव येते ही तक्रार त्या काळच्या आठवणींत पुन्हा पुन्हा भेटते. अमेरिकेच्या दक्षिण भागालाही ‘डिक्सी’ म्हणतात. मला आधी वाटलं, हा तोच असेल. तसं नाही. हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्या पलटणींनी ‘देगची’ उचलली आणि तिची डिक्सी केली. फारसीत ‘देग’ म्हणजे मोठं भांडं, आणि ‘चा’ लावला की लहान भांडं. बागेचा बगीचा होतो तोच हा ‘चा’. म्हणजे मूळ शब्दात ती लहानशी, आणि फौजेत जाऊन अख्ख्या तुकडीला पुरेल एवढी झाली.

आता मराठीकडे या. आमच्या आजीकडे दूध तापवायला पितळेची डेचकी होती, आत कल्हई, काठाला एक पोचा. ‘देगची’तली अक्षरं इकडची तिकडे होऊन ‘डेचकी’ झाली. म्हणजे आजीच्या चुलीवरची डेचकी आणि फ्रान्सच्या चिखलातली डिक्सी सख्ख्या बहिणी. म्हणून भाषांतरात मी ‘डिक्सी’ न ठेवता सरळ ‘डेचकं’ लिहिलं आहे. थोरलं आहे म्हणून डेचकं, डेचकी नाही.

‘मेस टिन’, म्हणजे शिपायाचा जेवणाचा डबा, तसाच ठेवला. मेस आपल्याकडे कॉलेजच्या पोरांनाही कळते.

एक शंका उरली आहे. काहीजण डेचकी फक्त उभट भांड्याला म्हणतात, काही घरांत पसरट पातेल्यालाही. तुमच्या घरी कोणतं भांडं डेचकी, आणि केवढं झालं की त्याचं डेचकं होतं?