मदत हवी आहे: स्प्रिंगच्या प्रोग्रॅममध्ये ऊर्जा आपोआप वाढते आहे

नमस्कार मंडळी,

मी पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकतो आहे. पायथनची नुकतीच सुरुवात केली आहे. वर्गात झालेलं स्प्रिंगचं दोलन स्वतः प्रोग्रॅम लिहून बघावं असं ठरवलं आणि दोन ठिकाणी अडकलो.

गणित साधंच आहे. गुळगुळीत टेबलावर १ किलोचा ठोकळा, त्याला जोडलेली स्प्रिंग, स्थिरांक ४ न्यूटन प्रति मीटर. ठोकळा १० सेंटीमीटर ओढून सोडून दिला. घर्षण धरलेलं नाही. वेळेचं पाऊल ०.०१ सेकंद. प्रत्येक पावलाला माझी ही एक ओळ चालते (चलांना मराठी नावं दिली तरी पायथनला चालतात, म्हणून तशीच ठेवली आहेत):

स्थान, वेग = स्थान + वेग * पाऊल, वेग - स्थिरांक * स्थान / वस्तुमान * पाऊल

आलेख सुंदर येतो, आवर्तकालही ३.१४ सेकंदांच्या आसपास येतो. पण एकूण ऊर्जा सुरुवातीला ०.०२ ज्यूल असते ती १० सेकंदांनी ०.०२९८ होते. ठोकळा शेवटी शेवटी १२ सेंटीमीटरपर्यंत जायला लागतो. बाहेरून कोणी ढकलत नसताना ही ऊर्जा येते कुठून? पाऊल ०.००१ केलं तर ऊर्जा ०.०२०८ वर जाते, म्हणजे फरक कमी होतो पण जात नाही.

खरी गंमत पुढे आहे. मैत्रिणीने तेच सूत्र दोन ओळींत लिहिलं आहे:

वेग = वेग - स्थिरांक * स्थान / वस्तुमान * पाऊल
स्थान = स्थान + वेग * पाऊल

तिची ऊर्जा ०.०२ च्या जवळच राहते, कितीही वेळ चालवा. सूत्र तेच, आकडे तेच, मग उत्तर वेगळं का?

दुसरी अडचण: व्हाइल लूपमध्ये (अट खरी असेपर्यंत त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणारी रचना) 'वेळ १० च्या बरोबर नाही तोवर चालू ठेव' अशी अट घातली की प्रोग्रॅम थांबतच नाही. 'कमी आहे तोवर' लिहिलं की थांबतो.

कृपया नुसता दुरुस्त केलेला कोड देऊ नका. कारण समजून घ्यायचं आहे.

प्रतिसाद १

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे, ते आधी देते. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून साठवतो. एक तृतीयांश दशमान पद्धतीत लिहायला गेलं की ०.३३३... संपतच नाही. द्विमान पद्धतीत ०.१ आणि ०.०१ यांचं तेच होतं. साठवायला ५३ बिट मिळतात, त्यात बसणारी सर्वांत जवळची संख्या घेतली जाते. शून्यापासून सुरुवात करून लूपमध्ये ०.१ दहा वेळा मिळव आणि छापून बघ. १ येणार नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येईल. तुझी वेळही अशीच १० च्या अगदी शेजारून निघून जाते आणि 'बरोबर' ही अट कधीच लागू होत नाही.

'कमी आहे तोवर' हेही पूर्ण सुरक्षित नाही, कधी कधी एक पाऊल जास्तीचं पडतं. सरळ फॉर लूप (ठरलेल्या संख्येइतक्या वेळा चालणारा) घे, १००० पावलं मोजून चाल, आणि वेळ दर वेळी 'पावलाचा क्रमांक गुणिले ०.०१' अशी काढ. पूर्णांक मोजण्यात चूक होत नाही. दशांश संख्यांची थेट बरोबरी तपासायची सवय आत्ताच सोड, पुढे फार छळते.

प्रतिसाद २

पहिला प्रश्न फार चांगला विचारला आहेस. मी हा विषय बरीच वर्षं शिकवतो, आणि माझ्या मते हे प्रत्येकाने कागदावर एकदा काढून बघायलाच हवं.

आडव्या अक्षावर 'स्थान गुणिले २' घे, उभ्या अक्षावर वेग. इथला २ म्हणजे कोनीय वारंवारता, स्थिरांक भागिले वस्तुमान याचं वर्गमूळ. आता केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग म्हणजे वेगाचा वर्ग अधिक ४ गुणिले स्थानाचा वर्ग. हा एकूण ऊर्जेच्या दुप्पट भरतो. ऊर्जा कायम, म्हणजे अंतर कायम, म्हणून खरा ठोकळा या चित्रात एका वर्तुळावर फिरतो.

तुझा प्रोग्रॅम काय करतो? आत्ताची दिशा बघतो आणि पूर्ण पाऊलभर त्याच दिशेने सरळ जातो. वर्तुळावर ती दिशा स्पर्शिकेची. स्पर्शिकेवर कुठेही सरकलं तरी आपण वर्तुळाच्या बाहेरच पडतो. किती बाहेर, तेही काढता येतं. स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, त्यामुळे जुनी त्रिज्या ही एक बाजू, पावलाची लांबी ही दुसरी, आणि नवी त्रिज्या हा कर्ण. पावलाची लांबी त्रिज्येच्या ०.०२ पट आहे (२ गुणिले ०.०१). पायथागोरस लावला की त्रिज्येचा वर्ग, म्हणजेच ऊर्जा, दर पावलाला १.०००४ पट होते. प्रत्येक पावलाला, अपवाद न करता. १.०००४ चा हजारावा घात साधारण १.४९ येतो. ०.०२ ला त्याने गुण: ०.०२९८. तुझाच आकडा.

पाऊल दहापट लहान केलंस तर एका पावलातली वाढ शंभरपट कमी होते, पण पावलं दहापट वाढतात. १.०००००४ चा दहा हजारावा घात १.०४, म्हणून ०.०२०८. तोच प्रोग्रॅम १०० सेकंद चालवलास तर ऊर्जा पुन्हा १.४९ पटीवर गेलेली दिसेल.

आता मैत्रिणीचा कोड. पायथनमध्ये एका ओळीत दोन चलांना किमती देताना उजवी बाजू आधी संपूर्ण मोजली जाते, जुन्या किमती वापरून. दोन ओळींत लिहिल्यावर वेग आधी बदलतो आणि स्थान काढताना तो नवा वेग वापरला जातो. म्हणजे या गणिताच्याच दोन वेगळ्या पद्धती आहेत. तुझी ऑयलर या गणितज्ञाची, १७६८ साली छापलेली. तिची ऑयलर-क्रोमर नावाने ओळखली जाते. दोन्हींसाठी जुन्या स्थान-वेगावरून नवे देणारी दोन बाय दोनची मॅट्रिक्स (आकड्यांची चौकट) मांड आणि तिचा डिटरमिनंट काढ; एका पावलात चित्रातलं क्षेत्रफळ किती पट होतं ते तो सांगतो. तुझा १.०००४ येईल, तिचा बरोबर १. चित्रातलं क्षेत्रफळ तुझ्याकडे दर पावलाला फुगतं, तिच्याकडे तसूभरही नाही.

धागालेखक

सर, कागदावर वर्तुळ काढलं, मग डिटरमिनंटही काढला. दोन्ही जुळले! ताई, फॉर लूपही लगेच चालला. मनापासून आभार.

दोन ओळींचा कोड नीट तपासला तर ऊर्जा ०.०१९८ ते ०.०२०२ या दरम्यान हेलकावते. डिटरमिनंट बरोबर १ आहे तर ती अगदी ०.०२ का राहत नाही? आणि याच पद्धतीने लंबक करता येईल का? ९० अंशांवरून सोडायचा आहे.

प्रतिसाद २

क्षेत्रफळ टिकणं आणि ऊर्जा टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी. त्या पद्धतीत जी राशी कायम राहते ती अशी: वेगाचा वर्ग, अधिक ४ गुणिले स्थानाचा वर्ग, वजा ४ गुणिले पाऊल गुणिले स्थान गुणिले वेग. सोडवून खात्री करून घे, अर्ध्या पानाचं काम आहे. शेवटच्या पदामुळे वर्तुळाची जागा किंचित तिरकं लंबवर्तुळ घेतं, आणि ऊर्जा वरखाली एक टक्का हलते. तुझे आकडे तेच सांगतात. पाऊल निम्मं केलंस की हेलकावाही निम्मा होईल. मात्र या स्प्रिंगसाठी पाऊल १ सेकंद किंवा त्याहून मोठं घेतलंस तर ही पद्धतही कोसळते. आणि ऊर्जा टिकली एवढ्यावर उत्तर अचूक मानू नकोस, आवर्तकालात बारीक फरक उरतोच.

याच घराण्यातली, व्हर्ले या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाची पद्धत बघ. १९६७ साली त्याने ८६४ आर्गॉन अणूंची हालचाल या पद्धतीने संगणकावर मोजली होती.

लंबक जरूर कर. स्थानाच्या जागी कोन, आणि त्वरणाच्या जागी गुरुत्वत्वरण भागिले लांबी गुणिले कोनाचा साइन, ऋण चिन्हासह. कोन रेडियनमध्येच दे. पायथनच्या साइनला नुसते ९० दिलेस तर तो १ ऐवजी ०.८९४ देतो आणि काही तक्रार करत नाही. ९० अंशांवरून सोडलेल्या लंबकाचा आवर्तकाल पुस्तकातल्या सूत्रापेक्षा १.१८ पट यायला हवा, कारण ते सूत्र लहान कोनांपुरतं आहे. तेवढा आला की प्रोग्रॅम बरोबर. नाही आला तर कोड इथेच टाक, बघू.