क्लिनिकचं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर न्यायचं का?

फोंडाकर: बहिणीचं छोटं क्लिनिक आहे, केसपेपर सगळे कागदी, आता म्हणते सॉफ्टवेअर घेऊया पण पावसात लाइट जाते, नेटचं तर विचारूच नका, मग पेशंट बाहेर बसलेले आणि स्क्रीन काळी. कुणी वापरतंय का?

डिचोलीकर: ऑफलाइन चालणारंच घ्या, नेट आलं की सिंक होतं. इन्व्हर्टर हवाच. आणि आधीच विचारा, उद्या कंपनी सोडली तर डेटा एक्सेलमध्ये काढून देणार का? तिथेच अडतं बहुतेक.

म्हापशेकर: आभाचा (पेशंटच्या सरकारी डिजिटल आरोग्य ओळखीचा) 14 अंकी नंबर जोडता येतो का तेही बघा. रिसेप्शनला सगळ्यांचा एकच पासवर्ड असतो ते मात्र नको, 2023च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दवाखानेही येतात.

फोंडाकर: जुने केसपेपर स्कॅन करायचे?

डिचोलीकर: सगळे कशाला, शुगर-प्रेशरवाले नेहमीचे तेवढेच.