मदत हवी आहे: गिटार टॅबच्या साइटला कॉपीराइटची नोटीस आली आहे. काय ठेवू, काय काढू?

पाचवी_तार:

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच माफी मागते.

गेली नऊ वर्षं मी गिटार टॅबची एक छोटी साइट चालवते. टॅब म्हणजे कुठल्या तारेवर, कितव्या फ्रेटला (गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या पट्ट्यांमधली जागा) बोट ठेवायचं ते आकड्यांत लिहिणं. मी आणि आणखी तिघं मॉडरेटर. चौघांपैकी कुणालाही यातून दमडी मिळत नाही. कोपऱ्यात एक जाहिरात आहे, तिच्यातून सर्व्हरचं भाडं कसंबसं सुटतं. साइटवर चार हजारांच्या आसपास टॅब आहेत, सगळे सदस्यांनी कानाने ऐकून उतरवलेले. छापील पुस्तकावरून उचललेला टॅब आम्ही पहिल्या दिवसापासून घेत नाही. आलेला प्रत्येक टॅब आमच्यापैकी कुणीतरी वाजवून बघतो आणि मगच प्रकाशित करतो. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. होता म्हणते, कारण आता तीच गोष्ट गळ्याशी येईल असं एकाने सांगितलंय.

मागच्या आठवड्यात एका संगीत प्रकाशकाच्या वतीने काम करणाऱ्या कंपनीची नोटीस आली. आम्हाला नाही, थेट होस्टिंगवाल्यांना. त्यांनी ती आमच्याकडे पाठवून खाली एक ओळ जोडली: ७२ तासांत कारवाई दिसली नाही तर अकाउंट बंद. यादीत ६३ लिंका होत्या. एकेक उघडून बघितली. ४१ खरोखरच त्या प्रकाशकाच्या गाण्यांच्या. ९ पानं आम्ही कधीच काढून टाकलेली. उरलेल्या १३ चा त्यांच्याशी काडीचा संबंध नाही. त्यातलं एक पान तर करंगळीच्या व्यायामाचं आहे, मी स्वतः लिहिलेलं:

ई |--५--६--७--८--|
बी |--५--६--७--८--|
जी |--५--६--७--८--|

आणि असंच खाली सहाव्या तारेपर्यंत. चार बोटं, ओळीने चार फ्रेट. शीर्षकातला एक शब्द त्यांच्या कुठल्याशा गाण्याच्या नावाशी जुळतो, एवढाच गुन्हा. यावर कुणाची मालकी असेल तर उद्या पाढ्यांवरही निघेल.

घाबरून त्याच रात्री सगळ्या लिंका बंद केल्या. तेव्हा लक्षात आलं की टॅब गेला की त्याखालची चर्चाही जाते. एका पानावर सहा वर्षांत २१२ प्रतिसाद जमले होते. त्यातले निम्मे एकाच बेंडवरून, म्हणजे तार बोटाने ओढून स्वर चढवण्याच्या जागेवरून: तो तिसऱ्या तारेवर नवव्या फ्रेटला आहे की दुसऱ्या तारेवर पाचव्या? स्वर तोच, पण तार बदलली की आवाजाचा पोत बदलतो. शेवटी कुणीतरी मैफलीचं चित्रीकरण थांबवून थांबवून बघितलं आणि लिहिलं, ‘अंगठा बघा, वरून सहाव्या तारेवर आलाय. अशा पकडीत करंगळी नवव्यापर्यंत पोचूच शकत नाही.’ वाद मिटला. हे असलं कुठल्या पुस्तकात मिळणार?

तर प्रश्न असे. कानाने उतरवलेलं आमचं का नाही? उरलेल्या टॅबचं काय करू, पुढच्या नोटिशीची वाट बघत बसू का? आणि परवाना घेता येतो म्हणतात, तो आमच्यासारख्यांना परवडतो का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

जुना_लाकडी:

ताई, हे तीस वर्षं चाललंय. मी न्यूजग्रुपच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या काळातला माणूस. ‘ओल्गा’ म्हणजे ऑन-लाइन गिटार आर्काइव्ह १९९२ साली अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठाच्या सर्व्हरवर सुरू झालं. साध्या टेक्स्ट फाइली. मोडेमवरून एकेक उतरवून घ्यायची आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापायची. माझ्याकडे अजून एक गठ्ठा आहे, कडेची भोकंवाली पट्टी न फाडलेला. १९९६ मध्ये एका मोठ्या प्रकाशकाचं पत्र गेलं आणि विद्यापीठाने हात वर केले. मग ते दुसरीकडे उभं राहिलं. १९९८ मध्ये हॅरी फॉक्स एजन्सीचं, म्हणजे प्रकाशकांच्या वतीने परवाने देणाऱ्या अमेरिकी संस्थेचं पत्र. पुन्हा पडझड, पुन्हा डागडुजी. २००६ मध्ये प्रकाशकांच्या संघटनांनी धरलं आणि ते कायमचं गेलं.

यात एक गोष्ट नीट बघा. टॅब उतरवणं हा शिकण्याशिकवण्यातला रास्त वापर (परवानगीशिवाय कायद्याला चालणारा) आहे, हे आमचं तेव्हाचं लाडकं म्हणणं. ते न्यायाधीशासमोर मांडायची वेळ ओल्गावर आलीच नाही. दर वेळी पत्र आलं आणि दार बंद झालं. विद्यार्थ्यांनी चालवलेल्या साइटकडे वकिलाचे पैसे कुठून असणार?

जे टिकले ते परवाना घेऊन टिकले. अल्टिमेट गिटार ही टॅबची मोठी साइट १९९८ पासून होती, त्यांनी २०१० मध्ये याच हॅरी फॉक्सशी करार केला. पण त्यांचा पसारा केवढा, तुमचा केवढा.

मुका_मेट्रोनोम:

सर्व्हर दुसऱ्या देशात हलवा. विषय संपला.

कलमबहाद्दर:

मेट्रोनोमराव, सर्व्हर हलेल, बाई कुठे हलणार? डोमेन कुठल्यातरी नोंदणी कंपनीकडे असतं, जाहिरातीचे पैसे कुठूनतरी येतात, शोधयंत्रातून नाव उडवता येतं. नोटीस यातल्या प्रत्येकाला जाऊ शकते. शिवाय असं पळून गेलात की पुढे ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणायचीही सोय राहत नाही.

आता मूळ प्रश्न. मी कायदा शिकलोय, पण हा वकिली सल्ला समजू नका.

एका गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात. एक ध्वनिमुद्रणाचा, एक रचनेचा, म्हणजे चाल आणि शब्द यांचा. तुम्ही कानाने उतरवलंत म्हणजे ध्वनिमुद्रणाला हात लावला नाहीत, कबूल. पण कागदावर उतरली ती चालच. ती स्वरलिपीत लिहा, सा-रे-ग-म मध्ये लिहा नाहीतर सहा रेघांवर आकडे टाका, कायद्याच्या नजरेत ती त्याच रचनेची प्रत किंवा रूपांतर ठरते. उतरवायला तीन रात्री गेल्या हे खरं असलं तरी त्याने मालकी बदलत नाही. चुकीचा उतरवला म्हणून सुटका होईल असंही समजू नका, ओळखू येण्याइतपत चाल असली की पुरे.

नुसत्या कॉर्डचा क्रम हा वेगळा विषय. चार कॉर्ड एकामागून एक वाजवण्यावर सहसा कुणाला हक्क सांगता येत नाही. मात्र त्या कॉर्डखाली गाण्याचे पूर्ण शब्द टाकलेत की तुम्ही शब्दांच्या हक्कात शिरलात. हे हलक्यात घेऊ नका. २०१२ साली अमेरिकेत गाण्यांच्या बोलांच्या साइट चालवणाऱ्या एका कंपनीवर ५२८ गाण्यांसाठी ६६ लाख डॉलर भरपाईचा हुकूम झाला होता.

तुमचे होस्टिंगवाले बहुधा अमेरिकेतल्या १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइटच्या कायद्याप्रमाणे वागताहेत. त्यात साइट चालवणाऱ्याला एक आडोसा आहे: मजकूर सदस्याने टाकलेला हवा, तो हक्कभंगाचा आहे हे तुम्हाला माहीत नसलेलं हवं, नोटीस येताच तो काढायला हवा, वारंवार तेच करणाऱ्या सदस्याला घालवायचं धोरण हवं आणि नोटीस स्वीकारणाऱ्या व्यक्तीची तिथल्या कॉपीराइट कार्यालयात नोंद हवी. ही नोंद दर तीन वर्षांनी नवी करावी लागते. फी किरकोळ आहे, तरी निम्म्या छोट्या साइटवाल्यांना ती ठाऊकच नसते. तुम्ही केली आहे का?

आता तुमच्या अभिमानाच्या गोष्टीबद्दल. मॉडरेटर आधी वाजवून बघतात, मग प्रकाशित करतात, म्हणजे ‘सदस्याने टाकलं, आम्हाला माहीत नव्हतं’ हे म्हणणं लुळं पडतं. २०१७ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटच्या खटल्यात अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने हाच मुद्दा उचलला. बिनपगारी मॉडरेटर मजकूर निवडत असतील तर ते साइटचेच हस्तक मानायचे का, हे तपासल्याशिवाय आडोसा मिळणार नाही, असं त्यांनी म्हटलं. तुम्हाला कुणी सांगितलं ते बरोबर आहे.

पाचवी_तार:

नोंद केलेली नाही. असली काही नोंद असते हेच आज कळलं.

मॉडरेशनचं वाचून मात्र पोटात गोळा आला. तपासून टाकलं म्हणून जास्त दोषी? मग आम्ही झोपा काढायला हव्या होत्या का?

कलमबहाद्दर:

चीड रास्त आहे. पण सदस्याने टाकलेलं आपोआप दिसावं आणि दर्जाची चाळण नंतर प्रतिसादांतून, गुणांतून लागावी, अशी रचना करता येते. बऱ्याच मोठ्या साइटवर तसंच चालतं.

परवान्याबद्दल राहिलं. लोक ‘कव्हर’साठीचा परवाना घेतात आणि समजतात झालं काम. तो यांत्रिक परवाना, म्हणजे गाणं पुन्हा गाऊन-वाजवून मुद्रित करण्यापुरता. टॅब दाखवणं मुद्रणहक्कात येतं, त्याला सक्तीचा परवाना नाही, प्रकाशकाने ‘नाही’ म्हटलं तर नाही. आणि एका गाण्याचे तीन-चार गीतकार-संगीतकार असले तर प्रकाशकही तितकेच निघू शकतात. एकेका गाण्यामागे असं फिरणं छोट्या साइटला झेपत नाही.

उलटा_डावखुरा:

मी एक जुनी क्लासिकल टॅबची साइट सांभाळतो म्हणून सांगतो. ज्यांचा हक्क संपलाय अशा रचनांकडे वळा. गिटारचे जुने रचनाकार बघा: फर्नांदो सोर १८३९ मध्ये गेला, कारकासी १८५३ मध्ये, तारेगा १९०९ मध्ये. यांचं एवढं पडलंय की चार हजार टॅब सहज होतील.

पण इथेही ठेच लागते, मला लागली. ब्राझीलचा संगीतकार हेइतोर व्हिला-लोबोस १९५९ मध्ये वारला. जिथे मृत्यूनंतर ५० किंवा ६० वर्षांचा नियम आहे तिथे तो मोकळा झालाय. जिथे ७० वर्षं आहेत तिथे २०२९ संपेपर्यंत नाही. अमेरिकेत जुन्या रचनांना प्रकाशनापासून ९५ वर्षं मोजतात, त्यामुळे १९५३ साली छापलेली त्याची गिटार एट्यूड (सरावाच्या रचना) तिथे २०४८ पर्यंत अडकलेली. मी मात्र ‘जुना ब्राझीलवाला, गेला असेल कधीच’ म्हणून बाराच्या बारा टाकून मोकळा झालो होतो.

दुसरं, सोर मोकळा असला तरी एखाद्याने अलीकडे केलेली सोरची मांडणी मोकळी नसते. त्यामुळे मूळ जुन्या छापील प्रतीवरूनच उतरवा, आणि कुठल्या प्रतीवरून ते टॅबच्या डोक्यावर लिहायला लावा. आम्ही ती ओळ नसेल तर टॅब घेतच नाही.

मुका_मेट्रोनोम:

म्हणजे सगळ्यांनी आता तारेगा वाजवायचा. पोरं पळून जातील.

उलटा_डावखुरा:

काही गेली. बरीच राहिली. ट्रेमोलो (एकच स्वर बोटांनी भरभर छेडणं) जमायला लागला की पोरं हलत नाहीत.

जुना_लाकडी:

ताई, त्या २१२ प्रतिसादांची प्रत आधी घरच्या डिस्कवर घ्या, बाकी काय ते नंतर ठरवा. ओल्गा गेलं तेव्हा फाइली इकडेतिकडे लोकांकडे उरल्या, चर्चा कुणाकडेच नाही.

पाचवी_तार:

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व.

प्रत घेतली. नोंद केली. डावखुऱ्यांची प्रतीची ओळ जशीच्या तशी उचलली, आभार. चौघांची बैठक झाली, ती वादळी होती. एक मॉडरेटर म्हणाला, नोटीस येईल तेव्हा काढू, तोवर कशाला. मला ते पटेना. चाळीस गाणी त्यांची निघाल्यावर उरलेल्यांबद्दल ‘माहीत नव्हतं’ असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? शेवटी हक्काखालच्या गाण्यांचे पूर्ण टॅब आम्ही आपणहून उतरवले. साइट जवळजवळ रिकामी झाली. तो मॉडरेटर सोडून गेला. अजून बोलत नाही.

चर्चा मात्र बहुतेक वाचल्या. टॅब काढून खाली नुसतं बोलणं ठेवलं: बोट कुठलं, तार कुठली, कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) कितव्या फ्रेटला, हात का दुखतो. ज्या प्रतिसादांत कुणी सबंध ओळ आकड्यांत लिहिली होती ते हाताने वेगळे काढतेय, रोज वीसेक. मूळ टॅब नसताना काही चर्चा वाचायला चमत्कारिक वाटतात, लग्न उरकल्यावर मांडवात बसलेल्या लोकांसारख्या. पण शिकणारा गाणं ऐकत ऐकत वाचतो, त्याचं भागतं.

चुकीने धरलेल्या १३ पानांसाठी रीतसर प्रतिनोटीस, म्हणजे ‘तक्रार चुकीची आहे, पान परत लावा’ असं कायद्याप्रमाणे कळवणं, द्यायची म्हटलं, तर तिच्यात खरं नाव, पत्ता आणि तिथल्या न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याचं लिहून द्यावं लागतं. शिवाय समोरचा कोर्टात गेला नाही तरी पान परत यायला दहा ते चौदा कामाचे दिवस. करंगळीच्या व्यायामासाठी पत्ता द्यायचा धीर झाला नाही. म्हणून त्या कंपनीला साधं पत्र लिहिलं, तेराही पानांची चित्रं जोडून. चौथ्या दिवशी एका ओळीचं उत्तर: तेरा लिंकांवरची तक्रार मागे घेत आहोत. दिलगिरी वगैरे काही नाही.

व्यायामाचं पान काल पुन्हा सुरू केलं. तासाभरात पहिला प्रतिसाद आला: ‘पाचव्या फ्रेटपासून कशाला? पहिल्यापासून करा, तिथे फ्रेट रुंद असतात, खरा ताण तिथे पडतो.’